पहाट कोणत्या घटकेस होते?

(शास्त्रपाठ : मत्तय २८:१; मार्क १६:२; लूक २४:१; योहान २०:१; रोमकरांस पत्र १४:५-६)



प्रभूच्या पुनरुत्थानाचा वृत्तांत चारही शुभवर्तमानांत आहे, आणि तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तथापि त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. स्त्रिया कबरेकडे गेल्या ती वेळ कोणती होती? मत्तय आठवड्याचा पहिला दिवस उजाडण्याच्या सुमाराची खूण देतो. लूक ती भल्या सकाळची वेळ असल्याचे सांगतो. योहानाच्या सांगण्याप्रमाणे मग्दालीया मरीया गेली तेव्हा काळोख सरला नव्हता. आणि मार्काच्या वृत्तांतात सूर्य वर आलेला आहे. सकाळ एकच, बाग एकच, कबर एकच. वेळा मात्र चार.

एका बाजारच्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका उपदेशकास कोणा गृहस्थाने नेमका हाच प्रश्न केला. “तुमच्या साक्षीदारांस सूर्य उगवला होता की नव्हता एवढेही एकमताने सांगता येत नाही, मग पुढच्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवावा?” उपदेशक निरुत्तर झाला आणि कष्टी मनाने आमच्याकडे आला. त्यास आम्ही जे सांगितले तेच आज सर्वांस सांगावे असे आम्हास वाटते. कारण हा प्रश्न केवळ त्या एका बाजाराचा नव्हे, तो आपल्या मंडळ्यांच्या आतही वेगळ्या रूपाने उभा राहतो.

प्रथम आपण आपल्याच घराकडे पाहू. पहाट केव्हा झाली, हे आपल्या गावात कोणास विचारावे? जात्यावर बसणारी म्हातारी म्हणे, कोंबडा आरवला की पहाट. बाजाराला गाडी जोडणारा शुक्राची चांदणी डोंगरावर आली की निघे. कोणी म्हणतो झुंजुमुंजू झाले पाहिजे. कोणी म्हणतो तांबडे फुटले पाहिजे. आणि ज्याचा डोळा उशिरा उघडतो त्याची पहाट दिवस कासराभर वर आल्यावर होते! यातले खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपल्या कामाला लागणारी खूण धरली आहे, इतकेच.

विद्वानांकडे जावे तर तेथेही एकच उत्तर मिळत नाही. जुन्या शास्त्रकारांनी सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांस, म्हणजे ९६ मिनिटांस, अरुणोदय असे नाव दिले. आजचे खगोलवेत्ते घटिका मोजीत नाहीत. सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली आहे ते मोजतात. तो १८ अंश खाली असता आकाशात प्रकाशाचा पहिला अंश येतो, १२ अंशांवर समुद्रावरील खलाशास क्षितिजाची रेघ दिसू लागते, आणि ६ अंशांवर दिव्यावाचून बाहेरची साधी कामे करता येतात. एप्रिल महिन्यात आमच्या नगरकडे यातील पहिली घटका सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी, दुसरी पाऊण तास आधी, आणि तिसरी वीस-बावीस मिनिटे आधी येते. म्हणजे शास्त्राच्याही तीन पहाटा आहेत.

आपले मुसलमान शेजारी रमजानात उपास धरतात, तो खऱ्या पहाटेपासून. पांढरा धागा काळ्या धाग्यापासून ओळखू यावा, ही त्यांच्या धर्मग्रंथातील खूण आहे. त्यांचे विद्वान खरी पहाट आणि फसवी पहाट असा भेद करितात. कारण खऱ्या पहाटेपूर्वी कधी कधी पूर्वेस एक फिकट उभा उजेड दिसतो आणि नाहीसा होतो. तरीही खरी पहाट किती अंशांवर धरावी याविषयी त्यांच्यातही निरनिराळी गणिते आहेत. कोणी १८ अंश धरितो, कोणी १५. यहूदी गुरूंच्या मिश्ना नामक जुन्या संग्रहाच्या आरंभीच, सकाळची प्रार्थना कोणत्या वेळेपासून म्हणावी, हा वाद आहे. एक मत असे की निळा रंग पांढऱ्यापासून ओळखू आला म्हणजे. दुसरे असे की निळा हिरव्यापासून ओळखू आला म्हणजे. निळा आणि हिरवा यांतला भेद कळण्यास अधिक उजेड लागतो, म्हणून दुसऱ्या गुरूची सकाळ पहिल्याच्या मागून होते.

कोणी म्हणेल, पहाटेचे जाऊ द्या, सूर्योदय तर डोळ्यांनी दिसतो. त्यात मतभेद कसला? पण तेथेही आहे. वेधशाळांच्या गणितात सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली म्हणजे उदय. कित्येक पंचांगकर्त्यांच्या गणितात बिंबाचा मध्य क्षितिजाशी आला म्हणजे उदय, आणि हवेने किरण वाकतात तो फरक ते धरीत नाहीत. या दोन उदयांत आमच्याकडे तीन-चार मिनिटांचे अंतर पडते. ही मिनिटे थोडी खरी. पण सूर्योदयास जी तिथी असेल तीच त्या दिवसाची तिथी असा पंचांगाचा नियम असल्यामुळे, तेवढ्यानेही एखादे वेळी सण एक दिवस मागेपुढे होतो.

याहून आश्चर्याची गोष्ट ही की, डोळ्यांनी पाहिलेला सूर्योदयही जसा दिसतो तसा नसतो. पाण्यात धरलेली काठी वाकडी दिसते, त्याप्रमाणे हवेच्या थरांतून येणारा किरण वाकतो. पूर्ण बिंब नुकतेच क्षितिजावर टेकलेले आपण पाहतो, त्या वेळी ते वस्तुतः क्षितिजाच्या खालीच असते! सूर्य येण्यापूर्वीच त्याचे दर्शन आपणास घडते. देवाच्या कृपेचे याहून चांगले चित्र सृष्टीत आम्हास ठाऊक नाही.

आणि मनुष्य उभा कोठे आहे, त्यावरही उदय अवलंबून असतो. आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे; महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. त्यावर उभा असलेला मनुष्य सूर्य पाहतो तेव्हा खाली सपाटीवरच्या मनुष्यास तो अजून काही मिनिटे दिसावयाचा असतो. आणि ज्या वाडीच्या पूर्वेस डोंगराची भिंत आहे तिला तर आणखी कितीतरी वेळ सावलीत बसावे लागते. भिंतीवरील दिनदर्शिकेत बहुधा मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो. नगर मुंबईच्या पूर्वेस असल्याने येथील सूर्य सुमारे सात मिनिटे आधी उगवतो. शिवाय मनगटावरचे घड्याळ नगरचेही नव्हे आणि मुंबईचेही नव्हे. १९०६ सालापासून सर्व हिंदुस्थानासाठी जी प्रमाण वेळ ठरली ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. तिच्याप्रमाणे घड्याळात बारा वाजतात तेव्हा नगरच्या सूर्याप्रमाणे साडेअकराच झालेले असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो, आणि तेथून दिवस वाढू लागतो असे आपण शाळेत शिकलो. परंतु त्यानंतर जवळ जवळ महिनाभर नगरचा सूर्य रोज थोडा थोडा उशिराच उगवतो. नाताळाच्या सुमारास तो सात वाजता उगवत असेल, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सात वाजून सात मिनिटांच्या सुमारास उगवतो. दिवस वाढत असतो तो सायंकाळच्या बाजूने. जो केवळ सकाळकडे पाहील तो म्हणेल, अंधार वाढला; आणि त्याची चूक होईल. ज्या उपदेशकास आपल्या खेड्यात पुष्कळ वर्षे राबूनही उजाडत नाही असे वाटते, त्याने हे लक्षात ठेवावे. प्रकाश वाढण्याची बाजू कधी कधी आपण पाहत नसतो.

आता ऋतूंकडे वळू, कारण पोटाचा प्रश्न तेथे आहे. पावसाळा केव्हा सुरू होतो? शास्त्रात सहा ऋतू, त्यात श्रावण-भाद्रपद ही वर्षा. शेतकऱ्याच्या तोंडी तीनच काळ, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा; आणि त्याचा पावसाळा सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे लागतो, म्हणजे जूनच्या सातव्या-आठव्या तारखेस, बहुधा ज्येष्ठातच. ही खूण या देशात इतकी मुरलेली होती की मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांतील शुहूर सनाचे वर्षही मृगाबरोबर पालटत असे, आणि म्हणून त्यास मृगसाल म्हणत. परंतु ही नक्षत्रेही इंग्रजी तारखांच्या मानाने स्थिर नाहीत. सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे ती पुढे सरकतात. शिवाजी महाराजांच्या काळापासून आजपर्यंत मृग जवळ जवळ पाच दिवस पुढे गेला आहे. पंचांगापंचांगांतही फरक आहे. टिळक पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतर पंचांगांप्रमाणे १४ किंवा १५ जानेवारीस. आणि सूर्याचे उत्तरेकडे वळणे तर त्यापूर्वीच, डिसेंबरात, घडून गेलेले असते.

सरकारी हवामान खात्याची रीत निराळी. त्यांच्या हिशेबात पावसाचा काळ १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत. मोसमी पाऊस केरळात आला असे जाहीर करण्यास त्यांनी नियम बांधले आहेत : १० मे नंतर ठराविक १४ ठिकाणांपैकी निदान ६० टक्के ठिकाणी दोन दिवस लागोपाठ अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस पडला पाहिजे, आणि वाऱ्याची व ढगांची मापेही जुळली पाहिजेत. तो नियम चांगला आहे. पण केरळात पाऊस आला म्हणून जामखेडच्या रानात ओल होत नाही. आपला जिल्हा बहुतेक सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत आहे. घाटघर-रतनवाडीकडे भाताची खाचरे भरून वाहतात, त्याच दिवशी कर्जतकडे धुरळा उडत असतो. १९७२ साली सगळी नक्षत्रे आपापल्या वेळी आली. पाऊस आला नाही.

म्हणून जाणता शेतकरी तिसरी खूण पाहतो. तो तारीखही ऐकतो, नक्षत्रही ऐकतो, आणि मग रानात जाऊन मूठभर माती हातात घेतो. ओल किती खोल गेली? वाफसा आला का? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून खरिपाची पेरणी करू नये, असे शेतकी खात्याचे लोकही सांगतात. ज्याने वळवाच्या एका सरीस पावसाळा समजून बाजरी पेरली, त्याचे बी रानात करपले, आणि दुबार पेरणीस सावकाराच्या दारी जावे लागले, अशी घरे आपणा प्रत्येकास ठाऊक आहेत. पावसाळा कशास म्हणावे, हा पंडितांचा खेळ नव्हे. त्यात चूक झाली तर लेकरे उपाशी राहतात.

मराठी पवित्र शास्त्रात आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस असे शब्द आहेत. पुष्कळ वाचकांचा येथे घोटाळा होतो. आपला वळीव उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. पण पालेस्टाईन देशी पावसाचा काळ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. तेथील पेरणीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्याकडे हस्त-चित्रा सरून रब्बीची ज्वारी रानात उभी राहते त्या सुमारास. आणि पीक भरविणारा शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलात. आपण ज्या महिन्यांत आभाळाकडे पाहून पहिल्या सरीची वाट पाहू लागतो, त्याच महिन्यांत त्यांची शेवटची सर पडून गेलेली असते. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याच्या धीराचा दाखला दिला आहे. दोन्ही देशांत महिने निराळे, सरींची नावे उलटीसुलटी. वाट पाहणाऱ्याचा धीर मात्र एकच.

आपण ख्रिस्ती लोक या मतभेदांतून सुटलो आहो असेही नाही. पुनरुत्थानाचा सण कोणत्या रविवारी पाळावा, याचा निर्णय करण्यास इ. स. ३२५ साली निकीया येथे धर्मसभेने विचार केला. तरी १५८२ साली पश्चिमेकडे पंचांग सुधारल्यापासून पूर्वेकडील पुष्कळ मंडळ्या आणि आपण वेगळ्या गणिताने चालतो. २०२४ साली आपला सण ३१ मार्चला झाला, त्यांचा ५ मे रोजी. २०२५ साली दोघांचाही २० एप्रिललाच आला. प्रभू दोनदा उठला नाही; आणि ज्या वर्षी तारखा जुळल्या त्या वर्षी तो अधिक उठला असेही नाही.

आता एका खेड्यातली गोष्ट सांगतो. ती पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे, आणि आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही ऐकली आहे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

त्या गावाच्या पूर्वेस डोंगर आहे. उपासनामंदिर गावात, पण मंडळीतील निम्मी कुटुंबे दोन कोसांवर मळ्यातील वस्तीत राहत. पंचांनी ठराव केला की पुनरुत्थानाच्या दिवशी सूर्योदयास उपासना व्हावी. सूर्योदय म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही, कारण ते सर्वांस ठाऊक आहे असे सर्वांस वाटले. त्या दिवशी तरुण मंडळी योहानाचे शुभवर्तमान वाचून काळोखातच कंदील घेऊन आली आणि बंद दाराशी ताटकळत बसली. उपदेशकाने दिनदर्शिकेत छापलेल्या मिनिटाला घंटा वाजविली. वस्तीवरील लोक डोंगरावर सूर्याची कड दिसेल त्या बेताने चालत आले, तो दान गोळा करणे चालले होते. उपासना संपल्यावर एका पंचाने सर्वांदेखत म्हटले, “प्रभूसाठी एक दिवस लवकर उठवले नाही तुम्हाला?” वस्तीचा म्हातारा कारभारी म्हणाला, “पाटील, दिवस आत्ता कुठं डोंगरावर आलाय. उशीर आमचा कसा?” शब्दाने शब्द वाढला. वस्तीवरचे लोक प्रीतिभोजनास न थांबता परत गेले, आणि वर्षभर त्यांतील बहुतेकांनी मंदिराची पायरी चढली नाही.

दुसऱ्या वर्षी तो सण जवळ आला तेव्हा दोन्हीकडची मने तशीच होती. वस्तीवरच्यांनी आपली उपासना आपल्याच वस्तीत करावयाची ठरविली. पण त्यांच्यात एक विधवा म्हातारी होती. तिला यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. तिच्या घरी घड्याळ नव्हते. ती शुक्राच्या चांदणीवर उठे. शुक्र वर्षभर पहाटेस नसतो. कित्येक महिने पहाटेस दिसतो, मग दिसेनासा होतो आणि पुढे सायंकाळी पश्चिमेस उगवलेला दिसतो. त्या दिवसांत तो पहाटेस नव्हता. म्हातारीने पूर्वेस गुरूचा मोठा तारा पाहिला, तीच चांदणी समजली, आणि मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला नाही तोच काठी टेकीत निघाली. उपदेशक दार उघडावयास आला तेव्हा ती पायरीवर पदर पांघरून बसलेली त्यास आढळली. थोड्या वेळाने वस्तीचा कारभारी तिला शोधीत धापा टाकीत तेथे आला. उपदेशकाने विचारले, “आजी, किती वेळची आलीस?” ती म्हणाली, “मला रे काय कळतं, बाबा? निजून राहिले अन् चुकलं तर, म्हणून निघाले.”

ते दोघे पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. मग कारभारी वस्तीकडे परत गेला आणि सर्वांस घेऊन आला. आणि तोवर उपदेशकाने घंटेची दोरी हातात धरली नाही. त्या वर्षापासून त्या मंडळीत नियम झाला : सर्वांत लांबच्या घराचा कंदील मंदिराशी पोहोचला म्हणजे घंटा वाजवावी. दिनदर्शिकेत त्या घटकेस कोणतेही नाव नाही. पण आम्हास वाटते, त्या गावापुरती पहाटेची तीच खरी व्याख्या होय.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट, बाजारातल्या त्या प्रश्नाचे उत्तर. दोन माणसांनी खरे सांगितले असूनही त्यांची वेळ निराळी असू शकते, कारण एक निघाल्याची वेळ सांगतो आणि दुसरा पोहोचल्याची. आपल्या घरची बाई नगरच्या बाजाराला अंधारात निघते आणि उजाडल्यावर पोहोचते. तिच्या लेकाने म्हटले, “आई अंधारात गेली,” आणि बाजारातल्या ओळखीच्या माणसाने म्हटले, “दिवस वर आला तेव्हा आली,” तर दोघांपैकी लबाड कोण? शास्त्राचे विवेचन करणाऱ्या कित्येकांनी चार शुभवर्तमानांचा मेळ असाच दाखविला आहे. योहानाची मरीया काळोखात निघालेली आहे. मार्काच्या स्त्रिया कबरेशी पोहोचल्या तेव्हा सूर्य आला आहे. उलट चौघांनी घटका-पळे मोजून एकच वेळ सांगितली असती, तर साक्षीदार पढवून आणले आहेत असे तोच गृहस्थ म्हणाला असता. उपदेशक बंधूंनो, असा प्रश्न कोणी केल्यास रागावू नका व घाबरू नका. “तुमच्या गावात पहाट केव्हा होते?” एवढेच त्यास प्रेमाने विचारा.

दुसरी गोष्ट, व्याख्या ठरविणे हे तुच्छ काम नव्हे. काहीजण म्हणतात, प्रेम असले म्हणजे नियम कशाला? पण त्या खेड्यात भांडण झाले ते प्रेमाच्या अभावाने आरंभी नव्हे. सर्वांनी एकच शब्द उच्चारला आणि प्रत्येकाने मनात निराळा अर्थ धरला, म्हणून झाले. मजुराला दिवसभराच्या कामास लावताना दिवस कोठून कोठवर, हे आधी सांगावे. पेरणीची मसलत देताना आपण नक्षत्रावरून बोलतो की ओलीवरून, हे सांगावे. सभा सकाळी आहे असे न म्हणता किती वाजता आहे हे म्हणावे. ज्याच्याजवळ घड्याळ आहे आणि ज्याचे घर मंदिराशेजारी आहे, त्याने विशेष जपावे. कारण वक्तशीरपणा त्याला स्वस्त पडतो. दोन कोस चालून येणाऱ्यास तोच महाग पडतो. शेजारी राहणाऱ्याने लांबून येणाऱ्यास आळशी म्हणावे, यासारखा अन्याय मंडळीत दुसरा नाही.

तिसरी गोष्ट, आपले माप दुसऱ्याच्या मनावर लादू नये. पौलाने रोम येथील मंडळीस लिहिताना हेच सांगितले आहे. तेथे कोणी एक दिवस दुसऱ्याहून श्रेष्ठ मानी, कोणी सर्व दिवस सारखे मानी. पौलाने त्यांच्यासाठी पंचांग तयार केले नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, आणि जो दिवस पाळतो त्याने तो प्रभूसाठी पाळावा, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. आपले हिंदू आप्त पंचांग पाहून सण करितात, मुसलमान शेजारी चंद्र पाहून. त्यांची थट्टा करण्याचे आपणास काही कारण नाही. आपल्या सणाचीही तारीख पौर्णिमेवरूनच ठरते, हे आपण विसरू नये.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे, आणि तीसाठीच आम्ही लेखणी हाती घेतली. चारही शुभवर्तमाने पुनः उघडून पाहा. ज्या वेळा त्यांत सांगितल्या आहेत त्या सर्व स्त्रियांच्या जाण्याच्या आणि पोहोचण्याच्या आहेत. प्रभू कोणत्या घटकेस उठला, ते चौघांपैकी एकानेही लिहिलेले नाही. ती घटका कोणी पाहिली नाही आणि मोजली नाही. मरीया काळोखात गेली. धोंड आधीच सरली होती. दुसऱ्या स्त्रिया सूर्योदयास पोहोचल्या. कबर आधीच रिकामी होती. ज्याची पहाट लवकर झाली त्यालाही तो आधीच उठलेला आढळला, आणि ज्याची उशिरा झाली त्यालाही. पहाटेविषयी आपला वाद आहे तो आपल्या पोहोचण्याविषयीचा आहे. त्याच्या उठण्याविषयी नाही. ते कार्य आपली घंटा वाजण्याची वाट पाहत थांबले नव्हते.

आमच्या जिल्ह्यात उजाडले केव्हा, असे कोणी विचारतात. कोणी म्हणतो १८३१ साली, नगरास अमेरिकन मराठी मिशनाचे काम सुरू झाले तेव्हा. कोणी म्हणतो सिंथिया फरार बाईंनी नगरात मुलींच्या शाळा चालविल्या तेव्हा. कोणी १८४२ साल सांगतो, जेव्हा ‘ज्ञानोदय’ पत्र नगरहून निघाले आणि उदय हा शब्दच त्याच्या नावात आला. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, म्हणजे त्यांनी आपल्या एका जिवाच्या पहाटेची गोष्ट लिहिली. ही सर्व उत्तरे खरी आहेत. कारण ती निरनिराळ्या माणसांच्या पोहोचण्याची आहेत. तुमच्या घरात कोणाचे आजोबा उजेडात आले असतील, कोणी गेल्या वर्षी आला असेल, आणि कोणी अजून डोंगराच्या सावलीत बसला असेल. जो आधी आला त्याने फुशारकी मारू नये. तो शिखरावर उभा होता म्हणून त्याला आधी दिसले. जो मागून आला त्याने लाजू नये. सूर्य त्याच्यासाठी शिळा झालेला नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी आठवा. पहाटेस आलेला मजूर आणि दिवस मावळताना आलेला मजूर, दोघांच्या हातावर त्याने एकच नाणे ठेविले.

म्हणून येत्या रविवारी मंदिराकडे निघताना प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे : आपल्या वाटेवर सर्वांत लांबचे घर कोणाचे? त्या घरातून निघणाऱ्यास किती काळोखातून यावे लागते? आणि आपली घंटा त्याच्यासाठी थांबते काय? ज्या मंडळीत याचे उत्तर होय असे देता येईल, तेथे सूर्य डोंगराआड असला तरी उजाडले आहे असे आम्ही समजू.

आणि जो अजून काळोखात आहे, ज्याला शुक्र कोणता आणि गुरू कोणता हेही कळत नाही, त्याला आमचे सांगणे एवढेच : त्या म्हातारीप्रमाणे निघा. तारा ओळखण्यात चूक झाली तरी चालेल. लवकर पोहोचाल तर पायरीवर बसावे लागेल, इतकेच. ज्याच्याकडे तुम्ही निघाला आहा तो आधीच जागा आहे.

त्याच्या प्रकाशात चालण्याची बुद्धी तो आपणा सर्वांस देवो. आमेन.